आधी रजिस्टर उघड

यंदा बी. लिब.च्या मुलांना डेटाबेस डिझाइन शिकवायचं तुझ्याकडे आलंय, असं ताई म्हणाली. फोनवर सांगितलेलं निम्मं हवेत जातं, म्हणून लिहूनच पाठवते. संगणकातलं तुला माझ्याहून जास्त कळतं, त्यात मी पडत नाही. मला सांगायचंय ते या मुलांविषयी, आणि वर्गात काय आधी घ्यायचं नि काय मागे ठेवायचं त्याविषयी. यातलं थोडं माझ्या गुरूंचं आहे, बाकीचं तिथे नोएडात शिकवता शिकवता हाती लागलं.

तुझ्यासमोरची बहुतेक मुलं कला शाखेची असतील. गाझियाबाद, दादरी, खोडा, कुणी थेट बुलंदशहरहून येणारी. एखाद्याने बारावी एनआयओएसमधून केलेली असेल. त्यांचं मुख्यालय तिथेच सेक्टर 62 मध्ये आहे आणि त्यांच्या बारावीला ग्रंथालय व माहितीशास्त्र हा विषय घेता येतो, त्यामुळे अशा मुलाच्या कानावरून निदान परिग्रहण पंजी हा शब्द गेलेला असतो. पण सगळ्यांच्या मनात एकच धास्ती असते, की डेटाबेस हा इंजिनिअरिंगवाल्यांचा प्रांत आहे आणि आपल्याला तो झेपणार नाही. ही धास्ती समजूत घालून जात नाही. पहिले काही तास संगणक बंद ठेव आणि ॲक्सेशन रजिस्टर उघड.

रजिस्टर म्हणजे आपली दाखल नोंदवही. ते ऑडिटला लागणारं दप्तर असतं, ग्रंथपाल सहसा ते वर्गात नेऊ देत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. तेव्हा आधी जाऊन त्यांना भेट, एकाच पाठ्यपुस्तकाच्या पाच-सहा प्रती एकदम घेतलेलं पान शोध आणि त्याच्या झेरॉक्स काढून प्रत्येकाच्या हातात दे. रकाने बघ: तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष, पाने, किंमत, विक्रेता, बिल क्रमांक, शेरा. पहिल्या ओळीत सगळं नीट लिहिलेलं असतं. खालच्या ओळींत नोंद करणाऱ्याने लेखकाखाली, शीर्षकाखाली, प्रकाशकाखाली नुसती दोन टिंबं ओढलेली असतात, किंवा ‘डिट्टो’ लिहिलेलं असतं. दाखल क्रमांकाच्या रकान्यात मात्र डिट्टो कधीच नसतो, तिथे दर ओळीला नवा आकडा.

मुलांना विचार, डिट्टो कुठे कुठे आहे आणि का? पेन्सिलीने गोल करायला सांग. पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, “मॅम, किताब तो एक ही है, कॉपी अलग-अलग है.” इथेच थांब. त्यांना हवं तेवढं बोलू दे. कारण या एका वाक्यात तुझ्या सत्रातला निम्मा अभ्यासक्रम आहे. डिट्टोचा मजकूर पुस्तकाचा, बाकीचा प्रतीचा. दोन वेगळी टेबलं त्या मुलांनीच केली, तू काही शिकवलं नाहीस.

मग त्यांना तो प्रश्न दे, जो मी वर्षभर विचारत असे: “ये बात किसकी है?” हा तपशील कोणाचा? शीर्षक कोणाचं, दाखल क्रमांक कोणाचा, परत करायची तारीख कोणाची? तारीख पुस्तकाची नाही, प्रतीची नाही, वाचकाचीही नाही. ती त्या एका देवघेवीची आहे, म्हणून देवघेवीचं टेबल वेगळं. प्रत्येक रकान्याला हा प्रश्न विचारायची सवय लागली की फंक्शनल डिपेंडन्सी म्हणजे काय ते मुलांना नावाआधी कळलेलं असतं. रिलेशनल मॉडेलवरचा कॉडचा 1970 चा लेख, पहिला-दुसरा-तिसरा नॉर्मल फॉर्म, पीटर चेन यांची 1976 ची ईआर आकृती हे सगळं पेपरला लागतं आणि घ्यायलाच हवं. पण ते मागून घे. जे हाताने करून झालंय त्याला नाव मिळालं की मूल ते विसरत नाही. आधी व्याख्या फळ्यावर लिहिलीस तर पाठ करतील आणि परीक्षेच्या हॉलबाहेर सांडून येतील.

किमतीचा रकाना मुद्दाम वादाला टाक. छापील किंमत आवृत्तीची. पण आपण दिलेली किंमत? सहा महिन्यांनी त्याच पुस्तकाच्या आणखी दोन प्रती वेगळ्या सवलतीने आल्या तर? तेव्हा दिलेली किंमत प्रतीची, किंवा बिलाच्या त्या ओळीची. वर्गात दोन तट पडतील. पडू देत. एकच उत्तर ठरवून देण्याची घाई करू नकोस, फक्त प्रत्येकाकडून कारण वदवून घे. वाचकाने प्रत हरवली तर भरपाई कोणत्या किमतीने घ्यायची, हे विचारलंस की वाद आपोआप जमिनीवर येतो.

यानंतरची पायरी ‘गोदान’ची. प्रेमचंद 1936 मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क संपून कित्येक वर्षं झाली, त्यामुळे ‘गोदान’ वाटेल तितके प्रकाशक छापतात. चार वेगवेगळ्या प्रकाशनांच्या प्रती आणि एक इंग्रजी अनुवाद टेबलावर मांड. वाचक काउंटरवर येऊन “गोदान है क्या?” विचारतो तेव्हा त्याला यातलं काय हवं असतं? परीक्षार्थीला कोणतीही चालते, संशोधकाला ठरावीक आवृत्ती लागते, इंग्रजी माध्यमाच्या मुलाला अनुवाद. म्हणजे पुस्तक आणि प्रत एवढ्या दोन पायऱ्याही पुरत नाहीत. इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1998 मध्ये एफआरबीआर या आराखड्यात चार पायऱ्या मांडल्या त्या याचसाठी: कृती, तिचं भाषिक रूप, तिचं छापील प्रकाशन, आणि हातातली प्रत. पहिल्या सत्रात चारही टेबलं करायला लावू नकोस, पेलत नाहीत. दोनच करू देत, पण ‘गोदान’ची मांडामांड सगळ्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलेली असावी.

आता लेखकांकडे ये. इथे आपला मराठीपणा कामाला येतो आणि मी तो अगदी मोकळेपणाने वापरत असे. प्रेमचंदांचं खरं नाव धनपत राय, आणि प्रेमचंद हे नाव घेण्याआधी ते नवाबराय या नावाने उर्दूत लिहीत, एवढं ही मुलं शाळेत शिकलेली असतात. मग त्यांना आपल्याकडची उदाहरणं दे. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कादंबऱ्या आणि नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता आरती प्रभू या नावाने. 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने. लेखिका तेव्हा बाळूताई खरे होत्या, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर झाल्या. माणूस एक, नावं तीन. लेखकाचं नाव पुस्तकाच्या टेबलात नुसतं टाइप केलं तर या बाई तीन ठिकाणी विखुरतात आणि कुणी त्यांची सगळी पुस्तकं मागितली तर तुमचा डेटाबेस ती देऊ शकत नाही. म्हणून व्यक्तीचं टेबल वेगळं, नावांचं वेगळं, आणि मुखपृष्ठावर कोणतं नाव छापलंय ते त्या आवृत्तीकडे.

शं. ग. दात्यांची मराठी ग्रंथसूची तुला कुठे पाहायला मिळाली तर जरूर उघडून बघ. 1800 ते 1937 या काळातली छापील मराठी पुस्तकं एका माणसाने गोळा करून नोंदवली, संगणकाचं नावही कुणी ऐकलेलं नसताना. आपल्या विषयाचे पूर्वज असे आहेत हे मुलांना सांगायला मला फार आवडायचं. तूही सांग. दिल्लीजवळच्या या मुलांना दिल्लीचं सांग, की 1947 मध्ये रंगनाथन दिल्ली विद्यापीठात शिकवायला आले. गणिताचा हा माणूस एखाद्या विषयाचे पैलू सुटे करून मग ते ठरावीक क्रमाने जोडायला शिकवत होता. त्यांचं कोलन वर्गीकरण शिकलेल्या मुलाला टेबलं सुटी करणं परकं वाटायचं कारण नाही.

लेखकांबाबत आणखी एक. लेखक, अनुवादक, संपादक असे तीन रकाने मुलं हमखास करतात. त्यांना चार संपादकांचं पुस्तक दे. ‘संपादक 1, संपादक 2’ असं लिहायला लागतील. तेव्हा परत तोच प्रश्न: संपादक असणं ही बात किसकी है? ती त्या माणसाची नाही, कारण तोच माणूस दुसऱ्या पुस्तकाचा लेखक आहे. ती पुस्तकाचीही नाही. ती दोघांमधल्या नात्याची आहे, म्हणून मधल्या जोड-टेबलात भूमिका हा रकाना. अनेकास-अनेक नातं मुलांना जड जातं असं सगळे म्हणतात. माझा अनुभव आहे की विद्यार्थी आणि विषय हे पुस्तकी उदाहरण जड जातं, आपल्याच शेल्फवरची पुस्तकं जड जात नाहीत.

देवघेव शिकवताना ब्राउन आणि न्यूवर्क या दोन जुन्या पद्धती जरूर घे. अभ्यासक्रमात त्या असतातच, बहुतेकजण इतिहास म्हणून उरकतात. तू त्या करून दाखव. जुनी बुक कार्डं आणि रीडर्स तिकिटं भांडारात धूळ खात पडलेली असतात, मागून घे. ब्राउनमध्ये पुस्तकातलं कार्ड काढून वाचकाच्या तिकिटाच्या खिशात घालायचं आणि ती जोडी परतीच्या तारखेमागे ट्रेमध्ये लावायची. पुस्तक परत आलं की जोडी सोडायची, कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. आता मुलांना ट्रेसमोर उभं कर आणि विचार: आज कोणती पुस्तकं यायला हवीत? एका क्षणात सांगतात. या वाचकाकडे सध्या कोणती पुस्तकं आहेत? सगळा ट्रे चाळावा लागतो. गेल्या वर्षी हे पुस्तक कुणी नेलं होतं? सांगताच येत नाही, जोडी सुटली तशी नोंदही गेली. न्यूवर्कमध्ये मात्र बुक कार्डावर वाचकाचा क्रमांक आणि तारीख लिहिली जाते आणि ती ओळ तिथेच राहते, म्हणून प्रतीचा इतिहास मिळतो.

हे हाताने केलं की तीन गोष्टी एकदम उमगतात. माहिती ज्या क्रमाने लावली त्या क्रमाचे प्रश्न सोपे जातात, बाकीचे अवघड, आणि इंडेक्स लागतो तो त्यासाठी. प्रतीच्याच ओळीत ‘कोणाकडे आहे’ असा रकाना ठेवला तर पुस्तक परत येताच इतिहास पुसला जातो. देवघेवीची स्वतंत्र ओळ ठेवली तर तो राहतो. मग कोहा ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली उघडून दाखव. त्यात चालू देवघेवीचं टेबल ‘इश्यूज’ आणि परत आलेल्यांचं ‘ओल्ड_इश्यूज’, पुस्तक जमा झालं की ओळ पहिल्यातून दुसऱ्यात जाते. ‘बिब्लिओ’ आणि ‘आयटम्स’ ही दोन टेबलं बघितल्यावर मुलं स्वतःच म्हणतील, हे तर आपलं पुस्तक आणि प्रत! 2000 साली न्यूझीलंडमधल्या एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयात सुरू झालेली ही प्रणाली आज आपल्याकडे गल्लोगल्लीच्या कॉलेजात आहे, आणि तिच्यातून हवे तसे अहवाल काढायला एसक्यूएल लिहावं लागतं. नोकरीत हेच उपयोगी पडणार आहे, हे स्पष्ट सांग. मुलांना नोकरीची काळजी असते आणि ती खरी असते.

वाचकांच्या इतिहासाचा विषय निघालाच आहे तर, तो ठेवावा का हेही विचारायला लाव. कोणी काय वाचलं ही त्या वाचकाची खाजगी बाब आहे. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आता आहे. सरावासाठी कॉलेजच्या खऱ्या वाचकांची यादी मुळीच देऊ नकोस, खोटी नावं बनवून दे.

किल्लीचा रकाना, म्हणजे प्रायमरी की, निवडताना सगळे आयएसबीएनकडे धावतात. त्यांना शेल्फवरची जुनी पुस्तकं काढून दाखव, त्यांवर आयएसबीएन नाहीच. 2007 पूर्वीच्या पुस्तकांवर तो दहा अंकी आहे, नंतर तेरा अंकी. दहा अंकीच्या शेवटी कधी कधी एक्स हे अक्षर असतं आणि सुरुवातीला शून्य, म्हणून तो संख्या म्हणून साठवला तर मोडतो. संचाच्या पुस्तकांवर दोन-दोन सापडतात. तेव्हा आयएसबीएनला रकाना जरूर द्यायचा, किल्ली मात्र आपलीच. दाखल क्रमांक प्रतीची किल्ली म्हणून चांगला, फक्त बाद केलेल्या प्रतीचा क्रमांक नव्या प्रतीला द्यायचा नाही हे निक्षून सांग.

वर्षाच्या रकान्याला एखाद्या जुन्या हिंदी पुस्तकावरचा विक्रम संवत् दाखव, आपल्या जुन्या पुस्तकावरचा शके दाखव. शकेत 78 मिळवायचे, संवतातून 57 वजा करायचे, आणि वर्षाच्या ठरावीक महिन्यांत एकाचा फरक पडतो. म्हणून छापलंय तसं एका रकान्यात, आणि क्रम लावण्यासाठी इसवी सन दुसऱ्यात. मार्क या ग्रंथनोंदींच्या साच्यातही तेच केलेलं आहे: 260 मध्ये छापल्याप्रमाणे, 008 मध्ये सांकेतिक.

देवनागरीवर एक पूर्ण तास ठेव, पुस्तकांत हा भाग नसतो. हिंदी आणि हिन्दी ही दोन रूपं शोधताना दोन वेगळे शब्द ठरतात. त्याहून चकवणारं म्हणजे डोळ्यांना एकच दिसणारं अक्षर. ‘ड़’ हा एकसंध अक्षर म्हणूनही साठवता येतो आणि ‘ड’ला नुक्ता जोडूनही. आपला ‘ॲ’ही तसाच. एकाने एका प्रकारे टाइप केलं, दुसऱ्याने दुसऱ्या, की ‘लड़का’ शोधल्यावर निम्म्या नोंदी मिळत नाहीत आणि कारण कळत नाही. मुलांकडून दोन्ही प्रकारे टाइप करवून शोध घ्यायला लाव. आणि नोएडाच्या भागात जुन्या याद्या बऱ्याचदा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय डेटाबेसला त्या इंग्रजी अक्षरांचा गोंधळच वाटणार.

विभागातले जुने शिक्षक सीडीएस/आयसिसवर वाढलेले असतील. युनेस्कोचं ते सॉफ्टवेअर निस्सॅट या सरकारी यंत्रणेमार्फत भारतभर मिळे, आणि आपल्याकडच्या ग्रंथालयांनी डेटाबेसचा श्रीगणेशा त्यावरच केला. त्यात एका नोंदीत तेच क्षेत्र पुन्हा पुन्हा घेता येतं, टेबलांची फोड करावी लागत नाही. ते शिक्षक वेगळं बोलले तर चूक म्हणू नकोस. मार्कही त्याच वळणाचा आहे. जिथे जिथे क्षेत्र पुनरावृत्त होतं तिथे तुझ्या पद्धतीत नवं टेबल जन्मतं, एवढा दुवा जोडून दे.

सत्राच्या प्रकल्पाला मी कॉलेजचं ग्रंथालय कधी दिलं नाही, कारण त्याची तयार उत्तरं सीनियर मुलांच्या फायलींत असतात. नोएडात ज्यांना ‘लाइब्रेरी’ म्हणतात त्या अभ्यासिका दे. स्पर्धा परीक्षांची मुलं महिन्याच्या फीवर सीट घेऊन बसतात, पुस्तकं जवळजवळ नसतात, सकाळ-संध्याकाळच्या शिफ्ट असतात. तुझ्या वर्गातल्या दोन-चार मुलांची स्वतःचीही तिथे सीट असेल. एकच सीट दोन शिफ्टमध्ये दोघांना. फुल डे घेणारा दोन्ही शिफ्ट अडवतो. महिना मध्येच सुरू होतो. फी सीटची का सदस्याची? दोन्ही नाही, त्या महिन्याच्या वाटपाची. लॉकर मात्र कुठे सीटबरोबर येतो, कुठे माणसाला वेगळा मिळतो, आणि हे वर्गात बसून ठरत नाही, मालकाला जाऊन विचारावं लागतं. गटाने जाऊन विचारू देत, उत्तरं वहीत लिहून आणू देत. त्या वहीला वेगळे गुण ठेव.

साधनांचं फार मनावर घेऊ नकोस. लिबरऑफिस बेस किंवा एसक्यूलाइट पुरतं, दोन्ही फुकट, जुन्या लॅपटॉपवरही चालतात. प्रयोगशाळेत वीज गेली तरी कागदावरचं काम थांबू नये अशी तयारी ठेव, उन्हाळ्यात त्या भागात हे होतं.

तोंडी परीक्षेत आकृती सुबक आहे का ते पाहू नकोस. मुलाच्याच आकृतीत एक नवी गोष्ट घुसव: समज, ग्रंथालयाने दुसरी शाखा काढली. किंवा एका प्रतीसोबत सीडी आहे आणि ती वेगळी इश्यू होते. किंवा वाचकाने एक प्रत हरवून बदल्यात दुसरी आणून दिली. रकाना कुठे वाढेल, टेबल कुठे वाढेल, हे त्याला पेन्सिलीने तिथल्या तिथे दाखवू दे. जो मुलगा हात थांबवून मनाशी “ये बात किसकी है” पुटपुटतो त्याला चांगले गुण दे, मग त्याची रेघ वाकडी का असेना. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना हे आधी फोन करून सांगून ठेव.